आज काय कमी पडलं?

खानावळीत माणूस जेवून उठला, हात धुऊन दोरीवरच्या पंच्याला पुसायला लागला, की दाराशी पाटावर बसलेली संगव्वा अक्का त्याला विचारायची, "आज काय कमी पडलं?" पोट भरलं का, बरं झालं होतं का, असलं काही नाही. थेट कमी काय पडलं. आणि उत्तर येईपर्यंत गळ्यातल्या लिंगाच्या चांदीच्या डबीवरून अंगठा फिरवत त्याच्या तोंडाकडे बघत राहायची. पहिल्या दिवशी ते कानावर आलं तेव्हा मी आत चुलीपुढे होते. हातातली भाकरी परातीतच मोडली. म्हटलं, ही बाई लोकांना बोलावून बोलावून स्वतःची नाचक्की करून घेते की काय!

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. भाड्याच्या घरांवर कचेऱ्यांच्या पाट्या लागल्या होत्या आणि कुठून कुठून कारकून बदलून आले होते. बायकापोरं गावाकडं, हे इकडं एकेका खोलीत. त्यात दुष्काळ. टँकरचा आवाज आला की गल्लीभर घागरींची पळापळ. आमचे हे सरकारी जीपवर ड्रायव्हर. साहेबांना घेऊन टंचाईच्या दौऱ्यावर गेले की आठवडा आठवडा तोंड दिसायचं नाही. मी किनवटची. तिकडं दार उघडलं की सागाची झाडं, इथं दार उघडलं की धूळ. खोलीत एकटी बसून रडताना शेजारच्या अक्कानं पाहिलं आणि म्हणाली, "रडताना हात रिकामे ठेवू नये, यव्वा. चल, भाकऱ्या थाप." अशी मी तिच्या खानावळीत गेले.

बोललेलं मला सोसत नाही, हे आधीच सांगायला हवं. आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकले. एकदा बाईंनी फळ्यापुढं उभं करून म्हटलं, "हे डोकं हाय का मडकं?" सगळा वर्ग हसला. त्या सुट्टीत घरी गेले ती परत गेलेच नाही. एका वाक्यापायी शाळा सुटली, आणि तेव्हापासून कुणी नुसतं माझ्याकडं वळून पाहिलं तरी पाय दाराकडं वळायचे. अक्काच्या खानावळीत तर रोज कुणाचं ना कुणाचं ऐकणं. कुणी म्हणे तिखट, कुणी म्हणे पांचट. सोमवारी तर ठरलेलंच, "अक्का, मीठ जास्त झालंय." अक्काचा उपास असायचा, चव बघता यायची नाही, आणि मीठ मात्र ती दुसऱ्या कुणाला टाकू देत नसे. ती हसून म्हणायची, "हाव, आज सोमवार हाय!" आणि पुढच्या सोमवारी पुन्हा तेच.

कचेरीतले नाझर, पैशाअडक्याचा हिशेब ठेवणारे, सगळ्यांत कडक. एकदा भाकरी उचलून दिव्याकडं धरली आणि म्हणाले, "कड कच्ची आहे हो." मी आत पदराचं टोक चावत बसले. वाटलं, अक्का माझी बाजू घेईल. ती आत आली, उरलेली भाकरी मोडली, कड बोटानं दाबली.

"कच्चीच हाय की गं. खरं हाय त्याचं."

मला हुंदका आला. ती समोर उकिडवी बसली. "तू कडेसाठी रडायलीस का सोतासाठी?"

मी पदरानं नाक पुसलं.

"कडेसाठी रडत असशील तर रडू नको, विस्तवाकडं फिरव. सोतासाठी रडत असशील तर तुला कोण काय म्हणालंय? त्यानं भाकरीला म्हटलं."

एवढं सोपं असतं तर काय हवं होतं! मी दुसऱ्या दिवशी प्रत्येक भाकरी दोन्ही अंगांनी इतकी फिरवली, की चार करपल्या.

अक्काचा एक हिशेब होता. कुणी काही बोललं की ती म्हणायची, हे ताटातलं का घरातलं? देवणीकडचा एक तरुण कारकून एका दुपारी ताट सरकवून ओरडला, "ही भाजी हाय का कडबा? जनावरं तरी खातील का?" अक्कानं ताक भरून फुलपात्र त्याच्यापुढं ठेवलं. "गावाकडची काय खबर, बाबा?" तो ताक प्याला, मग हळूच म्हणाला, घरच्या बैलजोडीला छावणीत नेऊन बांधलं आज. म्हातारा तिथंच बसून आहे, उठत नाही. तो गेल्यावर अक्का मला म्हणाली, "बघ, घरातलं होतं. घरातलं ऐकून घ्यावं, उचलू नये." आणि एवढं बोलून तिनं त्याच्या ताटातली भाजी मात्र बोटानं चाखून पाहिली. मी बघतच राहिले, तर म्हणाली, "घरातलं असलं तरी एकदा ताट बघावं. बघायला काय जातंय?"

उन्हाळा लागला तसा टँकरही येईना. गल्लीच्या तोंडाशी हातपंप बसवला, त्याचं पाणी जड. डाळ तासन् तास रटरटायची आणि दाणा दाण्याला ओळख देत नसे. दोन-तीन दिवस लोकांनी सोसलं. मग नाझर एकदम ताटावरून उठले आणि आतल्या दाराकडं बघून सगळ्यांदेखत म्हणाले, "किनवटच्या जंगलातून बाई आणली, तिला साधी डाळ शिजवता येत नाही. उद्यापासून आम्ही स्टेशनाकडच्या खानावळीत जातो." चार-पाच जण हसले. तेच हसणं, वर्गातलं. मला अजून आठवलं की कानशिलं तापतात.

सकाळी मी लुगडी बोचक्यात बांधली. नांदेडची एसटी, तिथून मुदखेडवरून किनवटची गाडी. यांना कुणाकडून तरी निरोप देऊ. एकदा गेले की गेले. मला ते जमतं. दारात अक्का बसलेली, पाटावर, विभूती लावून. तिनं बोचकं पाहिलं. थांब म्हणाली नाही.

"जायचं तर जा. पण माझ्याकडं जेवलीस, राहिलीस. उठताना सांगून जावं लागतंय. काय कमी पडलं?"

मी म्हटलं, काही नाही.

"काही नाही म्हणणारा परत येत न्हाई. सांग."

मग काय झालं कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं, "अक्का, तुम्ही कधी चांगलं म्हणतच न्हाई. वर्ष झालं भाकऱ्या थापून राहिले. कच्ची झाली तं सांगता, करपली तं सांगता. बरी झाली तं मुक्या. माणसानं कशाच्या जोरावर ऐकावं?"

बोलले आणि घाबरले. तिचा अंगठा डबीवर थांबला. तोंड उतरलं; तिलाही लागतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तिनं मान रस्त्याकडं फिरवली. मग म्हणाली, "हे ताटातलं हाय."

आणि माझ्याकडं वळून, "आता तुझं बघू. काल तो काय म्हणाला? डाळ शिजत न्हाई. शिजते का?"

"न्हाई."

"मग ते ताटातलं. आणि जंगल?"

मी बोचक्याची गाठ आवळली.

"जंगल त्याच्या घरातलं. डाळ उचल, जंगल राहू दे तिथंच."

मी बोचकं खाली ठेवलं. सोडलं नाही, नुसतं ठेवलं. अक्का चपला घालून तडक कचेरीत गेली. तिथं नाझरांना म्हणाली, म्हणे, "साहेब, तुम्ही म्हणालात ते खरं हाय, डाळ शिजंना. पाणी जड हाय. गोडं पाणी कुठं घावंल, तेवढं सांगा." भांडायला आली असं समजून ते उठून उभे राहिले होते, ते तसेच उभे. संध्याकाळी ते स्वतः सायकलच्या हँडलला घरमालकाच्या आडाच्या पाण्याची कळशी अडकवून आले. अर्धं पाणी धोतरावर सांडलेलं. "डाळीपुरतंच आहे हां," म्हणाले. जंगलाबद्दल एक शब्द नाही, पण आत बघून विचारलं, "किनवटला पाणी असतं का हो अजून?" मी म्हटलं, "असतं." त्या रात्री डाळ मऊ झाली. स्टेशनाकडं कुणी गेलं नाही. मीही नाही.

अक्कानंही माझं म्हणणं उचललं. चांगलं म्हणायचं तिच्या जिभेला वळणच नव्हतं, पायली उचलावी तशी जोर लावून म्हणायची, "आजची भाकरी… वाईट न्हाई." आणि लाजून दुसरीकडं बघायची. मला तेवढ्यावर दिवस जायचा.

पुढं आमची बदली झाली, पोरं झाली, मी दुसऱ्या गावात डबे करून देऊ लागले. अजूनही कुणी "राग मानू नका, पण" असं सुरू केलं की कानात वर्गातलं तेच हसणं वाजतं. ते काही गेलं नाही. पण पाय दाराकडं वळत नाहीत. हात आपोआप गळ्याकडं जातो, काळ्या मण्यांवर अंगठा फिरतो, आणि मी विचारते, ताटातलं का घरातलं?

अक्का गेल्याचा निरोप आला तेव्हा उदगीरकडच्या तिच्या गावी गेले. त्यांच्यात माणसाला बसवून समाधी देतात. तिलाही बसवलं होतं, कपाळावर विभूती, गळ्यात हार, अगदी दाराशी बसायची तशी. भोवती लोक बोलत होते: देवमाणूस होती, हिच्या हाताला कधी उणं ठाऊक नव्हतं. ते ऐकताना मला कसंतरीच व्हायला लागलं. जन्मभर जे विचारत राहिली, त्याचं उत्तर शेवटी कुणीच देत नव्हतं.

मी पुढं झाले. पाया पडताना कानाशी वाकले आणि म्हटलं, "अक्का, डाळ फार चांगली व्हायची. पण सोमवारी मीठ जास्तच पडायचं."