काळ्या पाण्यावरचा गुळव्या

त्रेचाळीस साली कराडशेजारच्या मलकापुरात कुणी विचारलं, "लालासाहेब कुठं हाय?" की अख्खी आळी एका सुरात सांगायची, "काळ्या पाण्यावर!" परका माणूस हळहळायचा. लालासाहेब मात्र घरामागंच काहिलीत उसाची चिपाडं कॉस्टिक सोडा घालून उकळत बसलेला. ते पाणी शाईसारखं काळंकुट्ट व्हायचं, म्हणून ही शिक्षा.

मूळ खोड सांगलीच्या पीरमहंमदची. तो आपल्या शेडमध्ये विजेच्या बटणांच्या टोप्या साच्यात दाबायचा. लढाईपायी त्यासाठी लागणारी विलायती राळ यायची थांबली. चिपाडाला ताठ ठेवणारा चिकटा सोड्यात उतरतो, तेजाब टाकलं की तळाशी साका होऊन बसतो आणि फॉर्मेलीनबरोबर शिजवून तापत्या साच्यात दाबला की दगड होतो, एवढं त्याला ठाऊक होतं.

"त्यो साका काढून आणायला जमलं तर निम्मी शेड तुजी," तो म्हणाला. "न्हाईतर मी चाललो मुंबईला. फॉर्मेलीनची एकच बाटली उरलीया."

वीस वर्षं दुसऱ्यांच्या गुऱ्हाळांवर राबलेला लालासाहेब इरेला पेटला. पहिल्या खेपेला ऐटीत सांगलीला गेला, डोक्यावर घागर घेऊन. आत नितळ पिवळं पाणी.

"आन् साका?"

"ती घाण व्हय? उकिरड्यावर टाकली. लय मळी निघाली गड्या!"

पीरमहंमद ओरडला, "आरं गुळव्या, ती मळीच पायजे हुती! पाणी टाकायचं हुतं!"

आता बरणीत तेजाब उरलं होतं एका घाण्यापुरतं. लालासाहेबानं दुसऱ्यांदा काहील चढवली, पण हाताचा भरवसा नव्हता. वीस वर्षं उकळत्या रसावरची मळी झाऱ्यानं काढून फेकलेला हात तो. शेवटी बायकोला समोर बसवलं. "रंगू, मी झाऱ्याला हात लावला की वरड."

रंगूबाईला असं राज्य कधी मिळालं होतं? "आवं, झारा!" "आवं, परत झारा!" झारा कुणाच्या ध्यानात नसतानाही ती ओरडत होती. तेजाब पडलं, तपकिरी साका खाली बसला. लालासाहेबानं दात-ओठ खाऊन वरचं नितळ पाणी ओतून दिलं. जीव तुटला, पण ओतलं. साका सात पाण्यांनी धुतला, धोतराच्या फडक्यावर वाळवला आणि सांगली गाठली.

फॉर्मेलीनची बाटली रिकामी झाली. शिजवलेल्या राळेत लाकडाचा भुसा कालवून पीरमहंमदनं एक टोपी दाबली आणि ती थेट उकळत्या पाण्यात टाकली. त्यानं आधी करून पाहिलेल्या साऱ्या टोप्या तिथंच पाघळल्या होत्या. दोघं भांड्यावर वाकून बसले. बऱ्याच वेळानं टोपी चिमट्यानं वर काढली. लालासाहेबानं अंगठ्याचं नख रोवलं.

नख मोडलं.

 पीरमहंमदनं खडू घेऊन शेडच्या दारावर दोन नावं लिहिली. लालासाहेबाला अक्षर कळत नव्हतं.

"ह्यातलं माजं कंचं?"

"खालचं."

"मग पूस," लालासाहेब म्हणाला, "आन् वर लिव्ह. नख माजं मोडलंय."