नावाची जागा कोरी

सरांनी मला फसवलं. लातूरला आदिवासी मुलींसाठी क्रीडा केंद्र चालवणाऱ्या सरांनी, किनवटच्या डोंगरातल्या एका गोंड पोरीला. हे आधीच लिहिते, म्हणजे पुढे कुणी गैरसमज झाला म्हणायला नको.

राज्य स्पर्धेत आठशे मीटर मी धावले. पहिली आले. मंडपामागे वाकून ओकत होते, तेव्हा माईकवर नाव पुकारलं. सरांच्या पुतणीचं. ती इस्त्रीच्या ट्रॅकसूटमध्ये पायऱ्या चढली. कपाळावर घामाचा थेंब नाही. पदक तिच्या गळ्यात.

सकाळी सरांनीच तिचा नंबर माझ्या छातीवर लावला होता. "तिच्या नावानं हाक आली तर ओ द्यायची," म्हणाले. चौदा वर्षांची होते. ओ दिली.

पदक मागायला गेले तर सर हसले. "डोंगरात शेळ्यांमागं पळतच होतीस की. इथं दोन टाईम जेवाय मिळतंय. नाव घेऊन काय करणार तू?"

पंचही हसले. मीही हसले. त्या माझ्या हसण्याची मला अजून चीड येते.

त्या प्रमाणपत्रावर पुतणी खेळाडूंच्या राखीव जागेवर सरकारी नोकरीला लागली. मी शेळ्यांच्या बाजारात उभी राहिले. दलालांशी भांडून शिकले की बोली पक्की झाल्याशिवाय जनावराचं दावं हातातून सोडायचं नाही.

मागच्या सोमवारी आमच्या गावात जीप आली. तेच सर. केस पिकलेत, आवाज तसाच मऊ. शाळेच्या मैदानावर पोरी पळवल्या. नऊ निवडल्या. पहिली आली माझी भाची.

त्यांनी मला ओळखलं नाही. पहिल्या आलेल्या पोरीची मावशी म्हणून पुढे बोलावलं. "ताई, पोरींना दोन शब्द सांगा. प्रेरणा मिळते."

मी त्यांच्या वहीत डोकावले. उंची लिहिलेली. वेळ लिहिलेली. नऊही पोरींच्या नावाची जागा कोरी.

"नावं लिहा," मी म्हणाले.

"लिहू की नंतर. आधी आधार कार्डं अन् जन्माचे दाखले माझ्याकडं द्या. पोरी कागद हरवतात."

"आत्ता लिहा. माझ्यासमोर."

त्यांनी वही मिटली. ड्रायव्हरला खूण केली. मी जीपमधून भाचीची पिशवी खाली ओढली.

"मावशी, तू माझं वाटोळं करून राहिली," ती म्हणाली. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. तिचंही खोटं नाही. तिच्या पायांत जे आहे ते गावात बसून सडेल. कागद हाती नव्हते म्हणून त्या दिवशी जीप रिकामीच गेली; आता बाकी आठ घरांनी ते काढून ठेवलेत. येत्या सोमवारी जीप परत येणार आहे.

या सर. मी मैदानावरच बसलेली असेन. आधी नऊ नावं लिहा, गावासमोर मोठ्यानं वाचा. मग सांगा, इतक्या वर्षांत आमच्या डोंगरातून नेलेली कोणती पोरगी कुणाच्या नावानं धावली. एकेकीचं सांगा. तोवर एकही पोरगी जीपमध्ये चढणार नाही, आणि तुमची जीपही गावाबाहेर जाणार नाही.