बाबांनी दोनदा बसवलेला सेटअप

निवृत्तीनंतर बाबांनी बुवापाड्यातल्या विहाराचं वाचनालय सांभाळायला घेतलं. कॅम्प पाचच्या बाजारातून एक जुना कॉम्प्युटर आणला. पुस्तकांच्या नोंदींसाठी मी एक ओपन सोर्स प्रोग्राम सुचवला, कुणीही फुकट वापरावा, हवा तर सुधारावा असा. फावल्या वेळात मीही त्यावर काम करायचे. पण विंडोजवर तो बसवायचा तर आधी डेटाबेस वेगळा टाका, मग फायली हाताने हलवा. दर वेळी मला बदलापूरहून जावं लागे, आणि तेच बाबांना आवडत नसे. मशीन बिघडलं की वाचनालयाने तुझ्या सुट्टीची वाट बघायची का, असं ते विचारत.

म्हणून मी सगळं एकाच सेटअपमध्ये बांधलं. मराठीत, चार पडद्यांचं. वाटलं, ‘पुढे’ दाबत गेलं की झालं. बाबा पहिल्याच पडद्यावर थांबले. एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत त्यांचा जन्म व्हॉल्व्ह उघडण्यात गेला होता. बंद कसा करायचा हे कळल्याशिवाय ते कशालाच हात लावत नसत.

“पुढे काय होतं ते लिहिलंयस, पोरी. मागं कसं यायचं?”

मला राग आला होता. तरी पहिल्या तीन पडद्यांवर एक ओळ घातली: अजून काहीही बदललेलं नाही, इथे थांबता येईल. शेवटच्या पडद्यावर, सगळं काढून कसं टाकायचं तेही. तीन रविवार त्यात गेले.

चौथ्या रविवारी त्यांनी सेटअपची सीडी माझ्याकडून घेतली आणि मला विहाराच्या पायरीवर बसवलं. आत यायचं नाही म्हणाले. बऱ्याच वेळाने मी दारातूनच विचारलं, बसला का?

“बसला. आता काढतोय.”

काढला, पुन्हा बसवला, मगच मला आत बोलावलं.

पाळी बदलताना कंपनीच्या वहीत लिहीत, तसं त्यांनी सीडीच्या पाकिटावर लिहिलं: दोनदा बसवला, एकदा काढला, ठीक. खाली ‘देणार’ आणि सही. शेजारी ‘घेणार’. पेन माझ्यापुढे धरलं. पुढच्या पाळीच्या माणसाने सही केल्याशिवाय ते कधी घरी निघत नसत, हे मला ठाऊक होतं. पण मी हसले, ही काय कंपनी आहे का म्हटलं. सही राहिली.

बाबा गेल्यावर ते पाकीट कपाटात सापडलं. ती सीडी आता कुठे चालायची नाही. वाचनालयाची किल्ली मात्र विहारातल्या मंडळींनी माझ्या हातात दिली आहे. काल मी ‘घेणार’पुढे सही केली. जागा बाबांनी लहानच ठेवली होती, शेवटचं अक्षर खाली उतरलं.