जोह्याहून आणलेला बुद्ध

माझी सुमनमावशी आज सकाळी गेली.

रोह्याजवळ वरसे गावात आमची बौद्धवाडी. मावशी तिथल्या अंगणवाडीत मदतनीस. विहारात वंदना सांगायचीही तीच.

मी दहावीची परीक्षा दिली त्या वर्षीची गोष्ट. बुद्धपौर्णिमेला आठवडा होता. विहार म्हणजे तेव्हा पत्र्याची एक खोली. साफसफाईला भिंतीवरची फ्रेम उतरवली, तर बुद्धाचा चेहराच वाळवीने खाल्लेला.

पुरुषमंडळी म्हणाली, "दुसरा फोटो आणू बाजारातून."

मावशी म्हणाली, "नाय. औंदा मूर्तीच आणायची."

दुसऱ्या दिवशी मला घेऊन, दोन एसट्या बदलून, ती पेणजवळच्या जोह्याला.
गावभर गणपतीचे कारखाने. साचे सगळे गणपतीचे.
तीन ठिकाणी नकार मिळाला.

चौथ्या कारखान्यातले म्हातारे कारागीर म्हणाले, "साचा नाय, ताई. हातानं करून बघतो. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी या."

गेलो. शाडूची हातभर मूर्ती. फार सुंदर.
पण डोळे टक्क उघडे.

"दादा, डोळे अर्धे मिटलेले पायजेत."

"कळतंय गो. पन सगळा जन्म गणपतीचे डोळे आखले. हात तिकडंच जातो."

दोनदा पुसून काढले. दोन्ही वेळा तसेच. मला टेन्शन, उद्या पौर्णिमा!

मावशी सरळ खाली बसली. न रंगवलेल्या गणपतींच्या रांगेत मांडी घालून, डोळे अर्धे मिटून.

"माझ्याकडं बघून काढा."

मला हसू आलं. त्यांना नाही आलं. त्यांनी ब्रश धुतला.
अर्धा तास मावशी हलली नाही. नाकावर माशी बसली, तरी नाही.

पौर्णिमेला सगळ्या बायका पांढऱ्या साड्यांत. मेणबत्त्या, उदबत्त्या, बाहेर खिरीचं मोठं पातेलं.
मूर्तीवरचं कापड काढलं. सगळ्या पुढे सरकल्या.

मग शेजारची आजी म्हणाली, "सुमन, ह्यो तर तुझ्यासारखाच बघतोय गो!"

मावशी भलतीच लाजली. मला पुढे ढकलून म्हणाली, "तू सांग वंदना."

सांगितली. दोनदा चुकले.

तेव्हापासून दर पौर्णिमेला मीच सांगते. तिने ती जागा परत कधी घेतली नाही.

आज दुपारी तिला नेण्याआधीही मीच सांगितली.

कुठेच चुकले नाही, मावशी.

तुला शेवटचा जयभीम.