तेरा नंबर आता दुसऱ्याच्या गाड्याला

राव, सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून इथं लिहितेय.

माझी आवडती बास्केटबॉल टीम अमेरिकेतली. तिकडं संध्याकाळी मॅच सुरू होते, तेव्हा आमच्या निरगुडसरात धारा काढायची वेळ असते. म्हणून मोबाईल गोठ्यातल्या खांबाला टांगलेला असतो. माझ्या वडिलांना, दादांना, खेळाचे नियम कळत नाहीत. पण टीममधल्या आमच्या लाडक्या तेरा नंबरच्या खेळाडूच्या हातात बॉल आला की त्यांची धार थांबते.

आज मोबाईल उघडला, तर टीमनं त्यालाच दुसऱ्या टीमला देऊन टाकलेलं! बदल्यात दोन नवखी पोरं घेतली.

मी म्हणाले, "दादा, आजपासनं ही टीम बंद. बघायचीच नाय."

दादा म्हशीखालून न उठताच म्हणाले, "आपला बादल आठवतो का?"

बादल आमचा शर्यतीचा बैल. दादांचे गुडघे गेले, गाडा पळवणं झेपेना, म्हणून जुन्नरकडच्या एका पावण्यांना दिला.

"यंदा यात्रेत तो त्यांच्या गाड्याला पळाला. मी काय घरी बसलो व्हतो?"

मला आठवलं. त्या दिवशी शर्यतीच्या घाटात बादलच्या नावानं ओरडून ओरडून दादांचा घसा बसला होता.

दादांनी बादली उचलली आणि विचारलं, "त्या लांब हाताच्या पोराची तिकडची पयली मॅच कवा हाय?"

तुमचा लाडका खेळाडू टीम सोडून गेला, तर तुम्ही कुणाच्या नावानं ओरडता? आमच्याकडं ठरलंय. परवा म्हशींना जरा थांबावं लागणार.