सासऱ्यांचं डच जहाज

माझे सासरे रेल्वेच्या कारखान्यात लाकडी साचे करायचे. लोखंडाचा कुठलाही भाग ओतायचा असला की आधी तो लाकडात घडवावा लागतो. हे काम त्यांनी तीस वर्षं परमुलखात केलं आणि निवृत्त झाल्यावर वर्ध्याला, स्टेशनापासून चालत दहा मिनिटांवर, तीन खोल्यांचं घर घेतलं. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मी त्यांना मामाजी म्हणायची आणि सासूला आत्याबाई. त्यांचा एकुलता एक मुलगा, म्हणजे माझा नवरा, कापसाच्या जिनिंग कारखान्यात कारकून होता. लग्नाला दीड वर्ष झालं आणि तो विषमज्वरानं गेला. मी वीस वर्षांची होते.

जहाजाचे नकाशे त्याआधीच घरात आले होते. ग्रामोद्योग पाहायला तेव्हा बाहेरदेशची माणसं वर्ध्याला येत. त्यातल्या एका डच गृहस्थाच्या लाकडी पेटीचं झाकण प्रवासात निखळलं, ते मामाजींनी बसवून दिलं. असं बसवलं की जोड सापडेना. त्या माणसाचा बाप गोदीत जहाजाचा सुतार होता. दोघं मोडक्यातोडक्या इंग्रजीत दुपारभर लाकडाबद्दल बोलत बसले. काही महिन्यांनी टपालानं एक गुंडाळी आली. तीनशे वर्षांपूर्वीच्या डच मालवाहू जहाजाचे नकाशे होते ते, लहान प्रतिकृती करण्यासाठी काढलेले. मजकूर सगळा डच भाषेत. मामाजींनी ती गुंडाळी कौतुकानं कपाटावर ठेवून दिली होती.

मुलगा गेल्यावर ते दोन महिने कुणाशी बोलले नाहीत. जेवायला बसत आणि भाकरीचा तुकडा हातात धरून तसेच राहत. मग एका सकाळी त्यांनी स्टूल घेऊन ती गुंडाळी काढली, पुढच्या खोलीत खिडकीशी बाक मांडला आणि सागवानाची फळी रंध्याखाली घातली. तो आवाज ऐकून आत्याबाईंनी चुलीवरची कढई उतरवली आणि पदर डोळ्यांना लावला.

"आता जगते हा माणूस," त्या म्हणाल्या.

कारखान्यात मामाजींच्या उजव्या हाताची दोन बोटं चिरडली होती. मोठं काम त्यांना जमायचं, बारीक नाही. आठ-दहा दिवसांनी त्यांनी हाक मारली, "बाई, हे जरा धर बरं." मी धरलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा हाक आली. महिन्याभरात माझी जागा ठरून गेली. सकाळचा स्वयंपाक उरकला की खिडकीच्या डाव्या अंगाला, भिंतीला पाठ लावून, दिवे लागेपर्यंत.

खोटं कशाला सांगू, सुरुवातीला मला ते आवडलं. जहाज मोठं चमत्कारिक होतं. पोट गाभण म्हशीसारखं फुगलेलं आणि वरचा डेक अगदी अरुंद. कर डेकच्या रुंदीवर घेत, म्हणून त्या व्यापाऱ्यांनी वर आवळून खाली फुगवलं, असं त्या पाहुण्यानं मामाजींना सांगितलं होतं. त्या पोटाला फळ्या वळवायच्या म्हणजे सत्त्वपरीक्षा. चहाच्या किटलीच्या वाफेवर पातळ पट्टी धरायची, नरम झाली की फासळ्यांवर दाबायची आणि बांबूच्या खुंट्या ठोकायच्या. उन्हाळ्यात लाकूड आक्रसे आणि बसवलेली पट्टी टचकन चिरे. मग ती काढून पुन्हा किटली.

डच नावं वाचता येत नव्हती, म्हणून आम्ही आमची नावं ठेवली. दोर ताणायला तीन भोकांच्या लाकडी चकत्या असतात, त्यांना आम्ही नारळ म्हणायचो. जहाजाच्या तिन्ही डोलकाठ्यांच्या दोन्ही बाजूंनी खाली येणाऱ्या दोरांवर आडव्या दोऱ्या बांधून खलाशांना चढायला पायऱ्या करतात, त्या शिड्या. दोरासाठी मी टकळीवर सूत काढायची. दोन-तीन पदर पिळून त्यांना मेण लावायचं आणि शिड्यांचे दोर काळे हवेत म्हणून काजळ चोळायचं. माझी बोटं इतकी काळी राहायची की कणीक मळायला आत्याबाई मला हात लावू देत नसत.

लोक जहाज पाहायला येऊ लागले. शेजारी आले, जिनिंगमधले लोक आले, मामाजींचे रेल्वेतले जुने सोबती आले. बघून झालं की माझ्याकडे वळून म्हणायचे, "सुनेनं सासऱ्याले जगवलं, नाई तर काई खरं नव्हतं." मी मान खाली घालायची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बरं वाटलं होतं. वर्षभर ऐकल्यावर ते नकोसं झालं. ज्याला मी जगवते आहे त्याला सोडून मी जाऊ कुठं?

आणि मला जायचं होतं. लग्नाआधी मी सातवी पास झाले होते. अमरावतीला बायकांना मास्तरकीचं शिक्षण मिळायचं. माझा भाऊ पवनारला शेती करायचा. तो एका मंगळवारी बाजाराच्या निमित्तानं आला आणि अर्ज घेऊन आला. मी तो भरला. खाली पालकाची सही हवी होती. विधवेचा पालक सासरा.

मी अर्ज बाकावर ठेवला. मामाजींनी चष्मा वर करून तो पूर्ण वाचला.

"शिकायचं आहे तुले?"

"हो."

"चांगली गोष्ट हाय. पुढच्या डोलकाठीची शिडी होऊ दे, मग करतो सही."

पुढची शिडी झाली. मग मधली. मग "शिडं तेवढी शिवून दे." मी मांजरपाटाचे तुकडे चहाच्या पाण्यात बुडवून जुनाट रंगाचे केले आणि बारीक टाक्यांनी शिवले. नकार त्यांनी कधीच दिला नाही, तो दिला असता तर मी भांडले तरी असते. ते माझ्यावर कधी ओरडले नाहीत, बाहेरून आले की माझ्यासाठी संत्री आणायचे, उन्हाळ्यात खिडकीला वाळ्याचा पडदा लावून त्यावर स्वतः पाणी मारायचे. त्या ओल्या, अंधाऱ्या खोलीत बसून मी गाठी मारत होते आणि पडद्यापलीकडे रस्त्यावरून माणसं बोलत जात होती. कुणी गाडी चुकेल म्हणून धावायचं. मला त्या धावणाऱ्याचा हेवा वाटायचा. गाडी चुकली तरी चालेल, पण आपल्याला एखादी गाडी असावी!

दुसऱ्या वर्षीच्या नवतप्यात, मे अखेरच्या त्या भाजून काढणाऱ्या नऊ दिवसांत, शेवटची शिडी उरली, मागच्या डोलकाठीची. अर्ज पोचायला अजून पंधरा दिवस होते. मी जेवणखाण विसरून दोर बांधत बसले. चार दिवसांत डावी बाजू झाली, आणखी तीन दिवसांत उजवी. शेवटची गाठ मारून मी मेणाचा बोळा खाली ठेवला. मी आत जाऊन पडले आणि मेल्यासारखी झोपले.

उठले तेव्हा ऊन उतरलं होतं. पुढच्या खोलीत गेले तर मामाजी बाकावर वाकलेले. त्यांच्या हातात पातळ पटाशी होती आणि ते शिडीचा एकेक दोर कापत होते. मागचीच नव्हे. मधली कापून झाली होती, पुढचीही. वर्षभराच्या गाठी बाकावर काळ्या अळ्यांसारख्या पडल्या होत्या.

मला वाटलं, त्यांचं डोकं फिरलं. पण ते अगदी शांत होते.

"ताण बरोबर नव्हता," ते म्हणाले. "उन्हानं ढिले झाले असते पुढं. पुन्हा करू. सावकाश. काई घाई नाई."

मी दारात उभी राहिले.

"मामाजी, ताण बरोबर होता."

त्यांनी वर पाहिलं नाही. आणखी एक दोर कापला.

मागं आत्याबाई कधी येऊन उभ्या राहिल्या मला कळलं नाही. बाकाजवळ त्या सहसा येत नसत. त्यांनी कापलेले दोर पाहिले, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"हे काय करून राह्यले तुमी?"

"काम आहे."

"काऊन कापले? सांगा ना. माह्याकडं पाहून सांगा."

मग मामाजी पटाशी ठेवून म्हणाले, "हे जहाज झालं का बाई जाते. मग घरात काय राह्यते?"

"मी आहो ना," आत्याबाई म्हणाल्या. "माहाही पोरगा गेला. मले कोणतं जहाज आणून देलं तुमी?"

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. आत जाऊन त्यांनी दौत-टाक आणला, कोनाड्यातला अर्ज आणला आणि कापलेल्या दोरांवरच ठेवला. "करा सही."

मामाजींनी केली. चिरडलेल्या बोटांनी केलेली वेडीवाकडी सही होती ती. भाऊ अर्ज घेऊन अमरावतीला गेला, पण मुदत असूनही जागा आधीच भरल्या होत्या. पुढच्या वर्षी या, असं सांगून त्याला परत पाठवलं.

ते पुढचं वर्ष माझ्या आयुष्यातलं सर्वांत लांब वर्ष. मी त्याच घरात होते, त्याच माणसाला ताट वाढत होते. बाकाशी मात्र बसले नाही. मामाजींनी मला हाक मारली नाही. ते एकटेच गाठी मारत बसायचे, दोर बोटांतून निसटायचा आणि ते पुन्हा धरायचे. स्वयंपाकघरातून मला सगळं दिसायचं. दर वेळी हात पुढं करावासा वाटे आणि मी तो पदरात गुंडाळून घ्यायची. येणारे लोक आता माझ्याकडे पाहून म्हणायचे, "म्हाताऱ्याले एकटं टाकलं काय वं?" घरातून न हलता मी त्यांना टाकलं होतं. आत्याबाई अशा पाहुण्यांना चहा विचारायच्या नाहीत.

जूनमध्ये मी अमरावतीला गेले. मामाजी स्टेशनवर आले, ट्रंक डब्यात चढवली आणि गाडी हलायच्या आधीच वळून निघून गेले.

दिवाळीच्या सुटीत परत आले तेव्हा पुढच्या दोन्ही डोलकाठ्यांच्या शिड्या बांधून झाल्या होत्या. पायऱ्या तिरक्या, कुठं दोर लोंबलेला. मामाजी बाजूला उभे राहिले, परीक्षेला बसलेल्या पोरासारखे.

"कसं हाय?"

"ढिलं आहे," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "ते वरची गाठ माह्या हातून घसरते. कशी मारतं तू?"

मी भिंतीकडच्या माझ्या जुन्या जागी बसले नाही. उभ्यानंच दोर घेतला, त्यांच्या बोटांना जमेल अशी दोन वेढ्यांची गाठ एकदा सावकाश मारून दाखवली, सोडली आणि दोर त्यांच्या हातात दिला.