सीटवरचा हात

"थांबा. आधी गाडीले इचारू द्या."

जुनी सायकल विकायला आलेला माणूस तोंड उघडायच्या आत तो हे म्हणायचा. मग त्या माणसाकडे चक्क पाठ करून सीटवर उजवा तळहात ठेवायचा आणि डोळे मिटून गप्प उभा राहायचा. विकणारा घसा खाकरून सुरू करायचा, "लय कमी चालली हाय जी, डॉक्टरची गाडी होती..." डोळे न उघडता हा म्हणायचा, "मालक लबाड बोलते. सीट नाही बोलत."

भंडाऱ्यात भांड्यांच्या दुकानांची ओळ संपते तिथे त्याचं दुकान होतं. जुन्या सायकली घ्यायच्या, नीट करायच्या, विकायच्या. नाव सांगत नाही, घरची माणसं आहेत अजून. मी तेव्हा करडीच्या उपकेंद्रात नर्स होते. महिन्याच्या रिपोर्टाला एसटीनं भंडाऱ्याला यायचं, साहेबांची बोलणी खायची आणि उरलेल्या वेळात त्याच्या बाकड्यावर बसून चहा प्यायचा, हा माझा नेम. माझी लेडीज सायकल त्याच्याकडचीच. मला निवडू दिली नव्हती त्यानं. "ही न्या. हिले घाईची सवय हाय," म्हणाला. पुढे कळलं, तिची आधीची मालकीणही बाळंतपणंच करत हिंडायची.

आता तुम्ही म्हणाल, बाई, शिकलेल्या तुम्ही, असल्या गोष्टींवर विश्वास कसा ठेवता? अहो, नव्हतेच ठेवत. पण एकदा आमच्या बाजूचे एक मास्तर सायकल विकायला आले. यानं सीटवर हात ठेवला, आणि मास्तर गेल्यावर मला हळूच म्हणाला, "सिस्टरबाई, या मास्तरले पाहून घ्या. सीटवरचा जुना खड्डा खोल हाय, नवा उथळ. मानूस सुकून राहिला." मी नाक मुरडलं, पण दुसऱ्या आठवड्यात मास्तरांची थुंकी तपासायला पाठवली. क्षय निघाला. मास्तर वेळेवर औषधाला लागले आणि वाचले. त्या दिवसापासून मी त्याची टिंगल बंद केली. निदान तोंडावर.

पायडलवरून तर तो माणसाची चाल सांगायचा. कुणाचा गुडघा दुखतो, कुणाची टाच मोडलेली आहे, सगळं रबराच्या झिजेवरून. एवढ्या सायकली हातून गेल्या, पण स्वतः मात्र कधी सायकलवर बसला नाही. गिऱ्हाइकाकडे गाडी पोचवायची तर दोन कोस हातात धरून चालत न्यायचा. "काहून जी?" मी त्याच्याच बोलीत विचारलं. म्हणाला, "माह्या वजनानं तिची आठवन बिघडते."

त्याचा एक धाकटा भाऊ होता. विणकराचं घर, पण त्या पोराचं मन मागावर कधी बसलं नाही. सायकलवर भारत पाहायचा म्हणून हट्ट धरला. शेवटी यानंच एक उंच विलायती फ्रेम मिळवून टूरिंगची गाडी बांधली. पुढे एक कॅरिअर, मागे एक, पाण्याच्या डब्याला कडी, आणि हॅन्डलला पत्र्याची पाटी: भारत भ्रमण, भंडारा ते कन्याकुमारी. हार घालून फोटो काढला. पोरगा निघाला. पाच-सहा पत्रं आली, शेवटचं आंध्रातून. मग काही नाही.

"माह्याच हातानं धाडला," एवढं एकच वाक्य तो त्याबद्दल बोलायचा.

मागे भावाची बायको राहिली. वीस वर्षांची पोर. आता इथली रीत अशी, की धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्याशी बोलायचं नाही आणि भासऱ्यानं तिच्याशी. भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. इतकी वर्षं एका घरात, पण दोघांचं बोलणं व्हायचं ते सासूच्या मार्फत. सासू झोपली असली तर भिंतीच्या मार्फत. हा भिंतीला म्हणायचा, "दुकानाची किल्ली कोनाले दिसली काय?" ती चुलीला म्हणायची, "कोनाड्यात हाय म्हनाव." मला हसू यायचं. मग सासू वारली, आणि हसण्यासारखं काही राहिलं नाही. एका छपराखाली दोघांनीच राहणं रीतीत बसेना, म्हणून हा दुकानात राहायला आला. आता निरोप माझ्या मार्फत चालायचे, महिन्यातून एकदा.

तिच्या माहेरच्यांनी घाई सुरू केली. तुमसरचा एक चांगला माणूस पाट लावायला तयार होता. त्यांच्यात पाटाची, म्हणजे बाईच्या दुसऱ्या लग्नाची, चाल आहेच. पण नवरा मेला असं घरच्या कर्त्या माणसानं म्हटल्याशिवाय कुंकू पुसायचं कसं? कर्ता माणूस म्हणजे हा. आणि हा ते म्हणेना. ती अठ्ठावीस वर्षांची झाली होती. मला राग यायचा त्याचा. एकदा तोंडावर म्हणाले, "सगळ्या जगाच्या सायकलींना विचारता, तिला कोण विचारणार?"

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी, बाजाराच्या दिवशी, एक बैलांचा व्यापारी ती गाडी घेऊन आला. आंध्राच्या सीमेवरच्या एका बाजारात बदल्यात मिळाली म्हणाला. नवे पायडल टाकले, पण उंच पडते म्हणून दोन वर्षं गोठ्यात उभीच होती. सीट उंदरांनी खाऊन सांगाडा उरला होता. पत्र्याची पाटी तेवढी जागेवर.

मी बाकड्यावरच होते. त्यानं "इचारू द्या" म्हटलं नाही. खाली बसला आणि डावा पायडल हातात धरला. त्याच्या भावाचा डावा पाय लहानपणी मोडून वाकडा जुळला होता, त्यामुळे त्याच्या डाव्या पायडलचं रबर नेहमी आतल्या टोकाला तिरपं झिजायचं. हेही रबर तसंच झिजलेलं होतं. ताजं.

"दोन वर्सं कोनीच चालवली नाही?" त्यानं विचारलं.

"कोन चालवते जी एवढी उंच?"

भाव न करता त्यानं गाडी घेतली. नवी चामडी सीट टाकली, दोन्ही पायडल पुन्हा नवे टाकले, आणि गाडी दुकानाच्या मागच्या खोलीत आढ्याच्या आकड्यांना टांगून ठेवली. पुढच्या महिन्यात मी गेले तर हा दारातच उभा. चेहरा लहान मुलासारखा फुललेला. "जिवंत हाय, सिस्टरबाई! पाय मारून राहिला तो! पाहा!"

मी पाहिलं. टांगलेल्या गाडीचं डावं रबर आतून तिरपं झिजत होतं. उंदीर असतील म्हणाले. तो हसला. मग माझ्याही अंगात आलं. पिशवीत फोडांना लावायचं जांभळं औषध होतं. नवं रबर बसवायला लावून त्यावर मी स्वतःच्या हातानं ते जाड फासलं, खोलीला माझं कुलूप घातलं आणि किल्ली करडीला घेऊन गेले.

महिन्यानं कुलूप मी उघडलं. भर दुपार होती, कौलांतून ऊन पडलं होतं. जांभळा रंग सगळीकडे तसाच होता. फक्त डाव्या पायडलच्या आतल्या टोकाला रबर स्वच्छ काळं उघडं पडलं होतं, तिरपं, चाकूनं कापल्यासारखं. खरं सांगते, मी दोनदा बोट फिरवून पाहिलं. आणि त्याच भरात मी आयुष्यातली मोठी चूक केली. सरळ त्याच्या घरी गेले आणि त्या बाईला सांगितलं, "तुझा नवरा जिवंत आहे." तिनं तुमसरच्या माणसांना परत पाठवलं.

रात्ररात्र मला झोप लागली नाही. कुठल्या पुराव्यावर मी एका बाईचा जन्म बांधून टाकला होता?

पुढच्या खेपेला आम्ही दोघं मागच्या खोलीत उभे होतो, तो पायडलकडे कौतुकानं पाहत, मी मान खाली घालून. दारात सावली पडली. ती होती. दुकानाची पायरी तिनं कधी चढली नव्हती. पदर कपाळाखाली ओढलेला, तोंड माझ्याकडे.

"सिस्टरबाई, सीटले इचारलं काय, म्हनाव त्याईले."

तो ताठला. मला क्षणभर काही कळेना, आणि मग कळलं. ज्या माणसानं जन्मभर प्रत्येक गाडीच्या आधी सीटला हात लावला, त्यानं याच एका गाडीच्या सीटला हात लावला नव्हता. आनंदात विसरला म्हणा, की भीतीनं म्हणा. या गाडीचा मालक तोच होता ना, आणि मालक लबाड बोलते.

त्यानं हात वर नेला. सीटवरची धूळ बोटांनी पुसली. तळहात टेकला. डोळे मिटले. बाहेर भांडी ठोकल्याचे आवाज येत होते. मग तो वळला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा थेट तिच्याशी बोलला.

"ताठ हाय, बाई. दुकानातून आनली तशीच. पाय हाय, वजन नाही. तो गेला. तू तुमसरले जाय."

ती रडली नाही. पदराआडून तिनंही थेट त्यालाच विचारलं, "मंग पाय काहून मारते जी?"

"पोचला नाही न अजून," तो म्हणाला.

मला हुंदका आवरला नाही.

तिचा पाट लागला. त्यानंतरच्या माझ्या रिपोर्टाच्या दिवशी, सकाळी अकराच्या उन्हात, त्यानं ती गाडी आकड्यांवरून उतरवली, कॅरिअरला घोंगडी बांधली आणि पाटीवरची धूळ पुसली. "बिनावजनाची गाडी कशी पोचन?" म्हणाला. "वजन मी देतो." मी पुष्कळ समजावलं, रागावले, हात धरला. शेवटी विचारलं, "परत कधी येणार?" त्यानं सीटवर थाप मारली. "हिले इचाराल."

मग जन्मात पहिल्यांदा सायकलवर बसला. पायडल टाचेनं मारत होता, शिकाऊ पोरासारखा. झोकांडत, लोकांची बोलणी ऐकत, भांड्यांच्या दुकानांवरून नदीच्या पुलाकडे गेला. पत्र आलं नाही.

आठ-नऊ वर्षांनी, मी बदली होऊन भंडाऱ्यातच आले होते तेव्हा, त्याच दुकानात ती गाडी मला उभी दिसली. दुकान आता दुसऱ्याचं. कुणा ट्रकवाल्यानं आणून टाकली म्हणाला. पाटीवरची अक्षरं गेलेली. "सीट नवी, पायडल नवे, सहा महिने झाले बाई. उंच हाय म्हनून कोनी बसून बी पाहत नाही."

मी वाकून डावा पायडल पाहिला. तिरपी झीज नव्हती. पोचला बाप्पा, पोचला एकदाचा, उतरला! मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मग नीट पाहिलं. दोन्ही पायडलांची रबरं मधोमध झिजली होती. शिकाऊ माणसाची टाच टेकते, बरोबर तिथे.

गाडी मी घेतली. माझ्या पडवीत उभी आहे, माझ्या लेडीज सायकलीच्या बाजूला. तुमसरहून ती एकदा भेटायला आली, दोन मुलं घेऊन. पडवीत पाय टाकताच तिनं पदर पुढे ओढला आणि रिकाम्या सायकलीकडे पाठ होणार नाही अशी भिंतीला टेकून बसली. चहा झाला. मग म्हणाली, "सीटले इचारलं काय, सिस्टरबाई?"

"नाही," मी म्हटलं.

"नका इचारू."

हजारो माणसांची नाडी या हातानं पाहिली मी. दर महिन्याला पायडल पुसते, मडगार्डावरची धूळ झाडते. सीटवर जुनं पातळ टाकून ठेवलंय. त्याच्याखाली मी अजून हात घातलेला नाही.